वाचकांचे प्रश्न : चार कोटी अंकांची मूळ संख्या

मोठ्या मूळ संख्यांविषयी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. या पानावर ^ ही खूण घातासाठी आहे, म्हणजे २^५ = ३२. घातांकासाठी प हे अक्षर वापरलं आहे आणि २^प − १ या संख्येला म म्हटलं आहे.

प्रश्न : माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या २^१३६२७९८४१ − १ असून तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत, असं वाचलं. मी लॉग वापरून मोजलं तर ४,१०,२४,३२१ आले. एका अंकाची चूक छपाईत आहे की माझ्या गणितात?

उत्तर : गणितात आहे, पण रीत बरोबर आहे. घातांकाला २ च्या लॉगने (पाया १०) गुणायचं, अपूर्णांक सोडून द्यायचा आणि उरलेल्या पूर्णांकात १ मिळवायचा. आपण लॉग ०.३०१०३ धरला असणार. त्याने गुणाकार ४१०२४३२०.५३६ येतो आणि अंक ४,१०,२४,३२१ होतात. खरा लॉग ०.३०१०२९९९५६६४ आहे. फरक दशांशचिन्हानंतर नवव्या स्थानावर आहे, पण त्याला साडेतेरा कोटींनी गुणल्यावर तो ०.५९ इतका होतो. बरोबर गुणाकार ४१०२४३१९.९४५३ असा आहे. पूर्णांकात १ मिळवला की ४,१०,२४,३२० मिळतात. शेवटी १ वजा केल्याने अंक कमी होत नाहीत, कारण २ चा कोणताही घात १००, १००० असा दहाचा घात नसतो.

घातांक जितक्या अंकी असेल, त्यापेक्षा निदान तीन दशांश स्थळं जास्त असलेला लॉग घ्यावा. नऊ अंकी घातांकाला बारा स्थळं पुरतात. आणि सोडून दिलेला तो ०.९४५३ वाया घालवू नका. त्याचा प्रतिलॉग ८.८१ येतो, म्हणजे ही संख्या ८८१ ने सुरू होते. चार कोटी अंकांतले पहिले तीन साध्या गणकयंत्रावर मिळाले.

प्रश्न : आणि शेवटचे अंक?

उत्तर : ते तर लॉगशिवायच. २ च्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ असे चारच्या चक्रात फिरतात. १३६२७९८४१ ला ४ ने भागल्यावर बाकी १ उरते, म्हणून घात २ ने संपतो आणि १ वजा केल्यावर आपली संख्या १ ने. शेवटचे दोन अंक हवे असतील तर चक्र २० चं आहे. घातांकाला २० ने भागून बाकी पुन्हा १ येते, म्हणून २^२१ = २०९७१५२ पाहा. शेवट ५२, वजा १ म्हणजे ५१. (इथे २^१ न घेता २^२१ घ्यायचा, कारण पहिला घात २ हा ४ ने भागला जात नाही आणि तो या चक्रात बसत नाही. ही चूक फार जण करतात.) अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करत गेलं तर ४ उरतात. घातांक ३ पेक्षा मोठा आणि मूळ असेल, तर ही बेरीज नेहमी १ किंवा ४ येते. ३१ ची ४, १२७ ची १, ८१९१ ची १, १३१०७१ ची ४.

प्रश्न : घातांक मूळ असेल तर २^प − १ मूळ असते का? वर्गात असा नियम सांगितला गेला.

उत्तर : उलट दिशेने खरं आहे. घातांक संयुक्त असेल तर संख्या नक्की संयुक्त असते. १५ = ३ × ५ म्हणून २^१५ − १ = ३२७६७ ला २^३ − १ = ७ आणि २^५ − १ = ३१ या दोन्हींनी भाग जातो, आणि ३२७६७ = ७ × ३१ × १५१. पण घातांक मूळ असणं पुरेसं नाही. ११ मूळ आहे, तरी २^११ − १ = २०४७ = २३ × ८९.

फ्रेंच गणिती मेर्सेन यांनी १६४४ मध्ये, ज्यांना २^प − १ मूळ येते अशा २५७ पर्यंतच्या घातांकांची जी यादी दिली, तिच्यातही चुका होत्या. ६७ आणि २५७ चुकून आत आले, ६१, ८९ आणि १०७ राहून गेले. ६७ चं प्रकरण मुलांना आवर्जून सांगावं. १८७६ मध्ये ल्युका यांनी २^६७ − १ संयुक्त असल्याचं दाखवलं, पण एकही अवयव हाती न लागता. अवयव मिळाले १९०३ मध्ये, कोल यांना : १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. संख्या फुटते हे कळणं आणि कुठे फुटते हे कळणं, ही दोन वेगळी कामं आहेत आणि दुसरं कितीतरी अवघड आहे. खाली गुप्तलेखनाच्या उत्तरात हाच फरक पुन्हा येईल.

प्रश्न : २१४७४८३६४७ ही संगणकातली ३२ बिटांच्या चिन्हासह पूर्णांकाची कमाल मर्यादा. ती मूळ आहे हे ऑयलर यांनी १७७२ मध्ये हाताने सिद्ध केलं म्हणतात. वर्गमूळ ४६३४० च्या पुढे जातं. इतके भागाकार माणसाने केले?

उत्तर : सगळे करावे लागलेच नाहीत, आणि का लागले नाहीत तेच यातलं सौंदर्य आहे. ही संख्या २^३१ − १ आहे. ४६३४० पर्यंत ४७९२ मूळ संख्या आहेत आणि साध्या रीतीने त्या सगळ्यांनी भागून पाहावं लागलं असतं. पण २^प − १ चा अवयव वाटेल ती संख्या होऊ शकत नाही.

समजा क हा ३१ घातांकाच्या या संख्येचा मूळ अवयव आहे. मग २^३१ ला क ने भागल्यावर बाकी १ उरते. ३१ मूळ असल्यामुळे त्याआधीच्या कोणत्याही घाताला १ उरत नाही. फर्माच्या प्रमेयाप्रमाणे २^(क−१) ला सुद्धा बाकी १ उरते. म्हणजे क−१ ला ३१ ने भाग गेलाच पाहिजे. क विषम, म्हणून क−१ सम. तेव्हा क हा ६२ च्या पटीत १ मिळवून येणारा असला पाहिजे : ६३, १२५, १८७, २४९...

दुसरी चाळणी अशी. २^३१ ची बाकी १, म्हणून २^३२ ची बाकी २. पण ३२ सम आहे, म्हणजे २^३२ हा पूर्ण वर्ग आहे. क ने भागल्यावर एखाद्या वर्गाची बाकी २ उरणं हे ८ ने भागून १ किंवा ७ बाकी देणाऱ्या मूळ संख्यांनाच शक्य असतं. दोन्ही अटी एकत्र केल्या की अवयव २४८ च्या पटीत १ किंवा ६३ मिळवूनच येतो.

आता मोजा. ४६३४० पर्यंत पहिल्या साच्याच्या १८६ आणि दुसऱ्या साच्याच्या १८७ संख्या बसतात. त्यातली ६३ तर ९ × ७, ती सोडा. उरले फार तर ३७२ भागाकार. त्यातही २४९ ला ३ ने, ४९७ ला ७ ने, ५५९ ला १३ ने भाग जातो, त्या गाळता येतात. प्रत्यक्ष सुरुवात ३११ पासून होते :

२१४७४८३६४७ = ३११ × ६९०५०९२ + ३५

त्यानंतर थेट १३०३, कारण मधल्या सगळ्या संयुक्त आहेत :

२१४७४८३६४७ = १३०३ × १६४८१०७ + २२६

असं शेवटपर्यंत जायचं. कागद-पेन्सिलवर काही दिवसांचं चिकाटीचं काम आहे, अशक्य नाही. स्वतः करून पाहणाऱ्यांनी प्रत्येक भागाकार नऊच्या कसोटीने तपासत जावा. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ४६, म्हणजे शेवटी १. ३११ ची ५, ६९०५०९२ ची ४, ३५ ची ८. ५ × ४ + ८ = २८, म्हणजे १. जुळलं.

प्रश्न : २^प − १ मूळ आहे का हे ठरवणाऱ्या ल्युका–लेमर कसोटीचा प्रोग्राम लिहिला. घातांक ७ साठी शून्य यायला हवं, पण माझ्याकडे १२७ येतात. घातांक ६१ साठी तर काहीही भलतंच येतं.

उत्तर : या दोन वेगवेगळ्या चुका आहेत. आधी पूर्ण कसोटी घातांक ७ साठी (म = १२७) मांडून घेऊ. ४ पासून सुरुवात, मग प्रत्येक पायरीला वर्ग करायचा, २ वजा करायचे, १२७ ने भागून बाकी ठेवायची. पायऱ्या प−२, म्हणजे पाच.

४² − २ = १४
१४² − २ = १९४, बाकी ६७
६७² − २ = ४४८७, बाकी ४२
४२² − २ = १७६२, बाकी १११
१११² − २ = १२३१९, बाकी ०

पाचव्या पायरीला शून्य, म्हणून १२७ मूळ. शून्य नेमकं त्याच पायरीला आलं पाहिजे. मोजणीत एकने चूक झाली तर मूळ संख्याही संयुक्त ठरते.

आपण बाकी काढायला भागाकार न करता बिटांची युक्ती वापरली असणार, आणि ती वापरावीच. १२८ ला १२७ ने भागून बाकी १ उरते, म्हणून संख्येचे १२८ चे गठ्ठे आणि वरची शिल्लक यांची नुसती बेरीज करायची. ४४८७ = ३५ × १२८ + ७, म्हणून ३५ + ७ = ४२. द्विमान पद्धतीत हे म्हणजे खालचे सात बिट आणि वरचे बिट यांची बेरीज, भागाकार कुठेच नाही. शेवटच्या पायरीला १२३१९ = ९६ × १२८ + ३१, आणि ९६ + ३१ = १२७. हेच ते आपले १२७! या पद्धतीत म स्वतःच उत्तर म्हणून येऊ शकतो आणि तो शून्यच समजायचा असतो. बेरजेनंतर ‘उत्तर म इतकं किंवा जास्त असेल तर म वजा करा’ ही ओळ घाला. मूळ संख्या हटकून याच ओळीअभावी हातची जाते.

घातांक ६१ ची गोष्ट वेगळी. बाकी ६१ बिटांची, तिचा वर्ग १२२ बिटांपर्यंत. ६४ बिटांच्या पूर्णांकात वरचा भाग गळून जातो आणि प्रोग्राम चकार शब्द काढत नाही. गुणाकारासाठी १२८ बिटांचा प्रकार किंवा मोठ्या पूर्णांकांची सोय वापरा. घातांक ३१ पर्यंत वर्ग ६२ बिटांत मावतो, म्हणून तोवर सगळं सुरळीत वाटतं. आणखी एक जागा : चिन्हरहित पूर्णांकात वर्गाची बाकी ० किंवा १ असताना २ वजा केले तर उत्तर उलटून प्रचंड मोठं होतं. आधी म मिळवा, मग २ वजा करा.

तपासणीसाठी संयुक्त उदाहरणही हाताशी ठेवा. घातांक ११ (म = २०४७) साठी क्रम असा येतो : ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शेवटी १७३६, शून्य नाही, म्हणून संयुक्त. प्रोग्राम हा क्रम जसाच्या तसा देत असेल तरच पुढे जा.

प्रश्न : मी ल्युका–लेमर ऐवजी सोपी फर्मा कसोटी लावली, पाया २ घेतला. २०४७ सुद्धा मूळ म्हणून आली. कसोटीच चुकीची आहे का?

उत्तर : कसोटी ठीक, पाया चुकला. या कसोटीत पायाचा, तपासायच्या संख्येपेक्षा १ ने कमी असलेला घात घेऊन त्या संख्येने भागतात; बाकी १ आली नाही तर संख्या संयुक्त. मूळ घातांकाच्या या साच्यातली प्रत्येक संख्या, मूळ असो वा संयुक्त, पाया २ ला उत्तीर्ण होते. २^११ = २०४८, त्याची २०४७ ने बाकी १. तपासायचा घात २०४६, आणि २०४६ = ११ × १८६. म्हणजे १ चा १८६वा घात, तो १ च. म − १ ला प ने नेहमीच भाग जातो, त्यामुळे इथे पाया २ कधी काही सांगूच शकत नाही. पाया ३ घ्या : ३^२०४६ ला २०४७ ने भागल्यावर बाकी १०१३ येते आणि संख्या लगेच पकडली जाते.

इतर साच्यांच्या संख्यांसाठी एकच पाया घेऊन थांबू नका. ३४१ = ११ × ३१ पाया २ ला फसवते. ५६१ = ३ × ११ × १७ तर तिच्याशी सहमूळ असलेल्या प्रत्येक पायाला फसवते. फर्मा कसोटीचंच अधिक कडक रूप असलेली मिलर–राबिन कसोटी वापरा. ६४ बिटांपर्यंतच्या कोणत्याही संख्येला २ ते ३७ या बारा मूळ पायांनी ती लावली की उत्तर ‘बहुधा’ नसून पक्कं असतं.

प्रश्न : विक्रमी मूळ संख्या नेहमी याच साच्यातली का असते? मधल्या मूळ संख्या संपल्या का?

उत्तर : मधे अगणित आहेत, आपल्याला माहीत नाहीत इतकंच. २०१८ ची विक्रमी संख्या २^८२५८९९३३ − १ आणि २०२४ ची यांच्यामध्ये किती मूळ संख्या आहेत हे लिहायलाच कोट्यवधी अंक लागतील. पण त्या आकाराजवळ सरासरी साडेनऊ कोटी संख्यांमागे एक मूळ असते, आणि इतक्या मोठ्या वाटेल त्या संख्येसाठी व्यवहारात परवडेल अशी निर्णायक कसोटी नाही. आग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी आयआयटी कानपूरमध्ये २००२ साली कोणत्याही संख्येसाठी बहुपदी वेळात (म्हणजे अंकांच्या संख्येच्या ठरावीक घाताच्या प्रमाणातच वाढणाऱ्या वेळात) चालणारी कसोटी दिली. सिद्धांत म्हणून ती फार मोठी कामगिरी आहे, पण चार कोटी अंकांना ती पुरी पडत नाही. २^प − १ ला मात्र ल्युका–लेमर आहे आणि बाकी काढायला भागाकारही लागत नाही.

‘नेहमी’ मात्र खरं नाही. १९८९ ते १९९२ या काळात ३९१५८१ × २^२१६१९३ − १ पहिल्या क्रमांकावर होती.

प्रश्न : साडेतेरा कोटी वेळा वर्ग करताना यंत्राकडून एकदाही चूक झाली नाही, याची खात्री कशी देतात?

उत्तर : चुका होतात. चार कोटी अंकी वर्ग फूरिये रूपांतराने दशांश अपूर्णांकांत काढतात आणि उत्तरं जवळच्या पूर्णांकाला आणतात. अपूर्णांकातला दोष ०.५ च्या जवळ गेला की पूर्णांक चुकीचा निवडला जातो. कधी मेमरीतला एखादा बिट उलटतो. एक चूक झाली की पुढचं सगळं निरर्थक, आणि निरर्थक उत्तर शून्य येण्याची शक्यता नगण्य. त्यामुळे धोका मुख्यतः एकाच बाजूचा असतो : खरी मूळ संख्या ‘संयुक्त’ म्हणून निसटून जाण्याचा.

म्हणून जिम्प्स, हा या साच्यातल्या मूळ संख्यांचा १९९६ पासूनचा शोधप्रकल्प, आता आधी पाया ३ ची फर्मा कसोटी चालवतो, कारण तिच्यात गेर्बिच यांची पडताळणी बसवता येते. ठरावीक पायऱ्यांनी आधीच्या बाक्यांचा गुणाकार दोन वाटांनी काढून ताडून पाहतात, जुळला नाही तर शेवटच्या बिनचूक टप्प्यावर परत जातात. २०२४ ची संख्या अशीच सापडली. ११ ऑक्टोबरला डब्लिनमधल्या ग्राफिक्स प्रोसेसरवर ती ‘बहुधा मूळ’ निघाली, १२ ऑक्टोबरला सॅन अँटोनिओतल्या दुसऱ्या प्रोसेसरवर ल्युका–लेमरने शून्य दिलं. हा शोध ल्यूक ड्युरांट यांच्या नावावर आहे.

प्रश्न : २, ३, ५, ७... असा मूळ संख्यांचा गुणाकार करून १ मिळवला की नवी मूळ संख्या मिळते ना?

उत्तर : नेहमी नाही. २ × ३ × ५ × ७ × ११ × १३ + १ = ३००३१ = ५९ × ५०९. नवी मूळ संख्या अवयवांत असते हे खरं, पण ती बाहेर काढायला अवयव पाडावे लागतात.

प्रश्न : इंटरनेटवरच्या गुप्तलेखनात या विक्रमी संख्या वापरतात का?

उत्तर : नाही. आरएसए पद्धतीत दोन मूळ संख्यांचा गुणाकार जाहीर असतो आणि त्या दोन संख्या गुप्त. सगळ्यांना माहीत असलेली संख्या तिथे घेऊन उपयोग काय? २०४८ बिटांच्या किल्लीसाठी १०२४ बिटांच्या, म्हणजे सुमारे ३०९ अंकी, दोन मूळ संख्या यदृच्छेने निवडतात. त्या आकाराला सरासरी ७१० संख्यांमागे एक मूळ असते. फक्त विषम संख्या घेतल्या तर साधारण ३५५ प्रयत्नांत एक मिळते, म्हणून किल्ली क्षणात तयार होते. जिथे मूळ संख्या जाहीरच ठेवायची असते, तिथे मात्र हा साचा चालतो : वक्रांवर आधारलेल्या एका प्रमाणित पद्धतीत २^५२१ − १ वापरतात, कारण बेरजेने बाकी काढण्याची सोय तिथेही कामी येते.

खरा धोका यदृच्छेच्या कमतरतेत आहे. दोन उपकरणांनी एकच मूळ संख्या उचलली तर दोन्ही किल्ल्या फुटतात. जाहीर गुणाकार १०४०३ आणि १०८०७ आहेत असं समजा. अवयव पाडत बसू नका, मसावि काढा :

१०८०७ − १०४०३ = ४०४
१०४०३ = २५ × ४०४ + ३०३
४०४ = ३०३ + १०१
३०३ = ३ × १०१

मसावि १०१, म्हणून १०४०३ = १०१ × १०३ आणि १०८०७ = १०१ × १०७. ६०० अंकी गुणाकारांवरही मसाविची हीच रीत क्षणात चालते. २०१२ मध्ये संशोधकांनी इंटरनेटवरच्या लक्षावधी जाहीर किल्ल्यांवर ती चालवली, तेव्हा हजारो किल्ल्या अशा फुटल्या. त्यातली बरीच उपकरणं राउटरसारखी होती : चालू होताच, पुरेशी यदृच्छा गोळा होण्याआधीच त्यांनी किल्ली बनवली होती. असं उपकरण लावत असाल तर पहिल्या चालूवेळी बनलेली किल्ली काढून टाका आणि ते काही काळ वापरात राहिल्यावर नवी बनवून घ्या.